कोहळ्याचं कार्ड

तिपटूरच्या नारळवाल्या चन्नप्पांची थोरली लेक वनजाक्षी बंगळुरात सॉफ्टवेअरच्या कचेरीत नेमकं काय करते, हे तिच्या गावात कुणालाच धड सांगता यायचं नाही. ती स्वतः म्हणायची, "मी कामं सरकवते." आणि खरंच होतं ते. कचेरीच्या भिंतीवर मोठा पडदा, पडद्यावर बोर्ड, बोर्डावर चार रकाने: करायचंय, चाललंय, तपासायचंय, झालं. एकेक काम म्हणजे एकेक कार्ड. पंधरवड्याच्या सुरुवातीला कार्डं डावीकडे दाटीवाटीनं बसलेली असायची आणि पंधरवडा सरेपर्यंत ती उजवीकडे पोचवायची, हा वनजाक्षीचा धर्म.

सकाळी ती सगळ्यांना उभं करून विचारायची, "काल काय केलंस? आज काय करणार? कशात अडलायस?" बसू द्यायची नाही, बसलेला माणूस पाल्हाळ लावतो म्हणे. एखादं कार्ड ‘झालं’मध्ये गेलं की बाई अशी खुलायची, जणू घरात पाळणा हलला! जे बोर्डावर नाही ते झालंच नाही, हा तिचा हेका. चहावाला रजेवर गेला तर तिनं चहाचंही कार्ड केलं, आणि त्या पंधरवड्यात वेळेवर झालेलं काम एकच, चहा.

आता तिची माणसं बघा. नंजेगौडा मंड्याचा, उसाच्या फडात वाढलेला आडदांड गडी, पण कोड लिहायला बसला की वाघ. तपासणीला तिप्पेस्वामी, चित्रदुर्गचा. हा असा चिकित्सक की स्वतःच्या लग्नात त्यानं मंगळसूत्राची गाठ ओढून पाहिली आणि मगच भटजींना पुढचे मंत्र म्हणू दिले. आणि वर साहेब म्हणून शेषगिरी सर, पांढराशुभ्र शर्ट, कपाळावर गंध, तोंडात कायम सल्ला.

ही मंडळी हँबुर्ग शहरातल्या बेकऱ्यांसाठी पावाच्या मागण्या घेणारं सॉफ्टवेअर बनवत होती. मागल्या खेपेला नंजेगौडानं घाईघाईत एक कार्ड न तपासताच ‘झालं’मध्ये ढकललं, आणि तिकडे एका चिमुकल्या बेकरीवर अख्ख्या शहराच्या केकची मागणी कोसळली! त्या दिवशी वनजाक्षीनं नियम घातला. तिप्पेस्वामी पास म्हणेल तेव्हाच कार्ड पुढे जाईल, आणि सगळी कार्डं पुढे गेल्यावरच रिलीजचं, म्हणजे सॉफ्टवेअर बाहेर सोडायचं, कुलूप आपोआप उघडेल. नियम मोडायची किल्ली तिनं सगळ्यांकडून काढून घेतली, स्वतःकडूनसुद्धा, आणि मुख्य कचेरीतल्या एका साहेबाच्या स्वाधीन केली.

हे काम देणाऱ्या हँबुर्गच्या ब्रुन्सबाईंनी मात्र शेवटचं सांगितलं होतं. आयुधपूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, दिवशी दुपारच्या बैठकीत चालतं सॉफ्टवेअर दिसलं तर पुढचं काम तुमचं. नाही दिसलं तर दुसरीकडे. म्हणजे वनजाक्षीनं एकेक माणूस हेरून जमवलेली ही टोळी मोडणार, कुणी कुठे, कुणी कुठे.

शेषगिरी सर म्हणाले, "पूजा आधी, रिलीज मग. दारात कोहळा फुटल्याशिवाय नवं काम बाहेर सोडायचं नाही."

"मग बोर्डावर घ्या, सर," वनजाक्षी म्हणाली.

घेतलं! ‘कोहळा फोडणे’ असं कार्ड झालं आणि त्याच्यामागे रिलीजचं कार्ड जोडलं गेलं. काम किती अवघड ते प्रत्येकानं बोटांनी दाखवायचं, अशी तिथली रीत. नंजेगौडानं एक बोट दाखवलं, तिप्पेस्वामीनं आठ.

"अरे गुरू, आठ? कोहळा आहे का किल्ला?" नंजेगौडा म्हणाला.

"याआधी फोडलाय का आपण, टोळी म्हणून? नाही ना? मग जोखीम आहे."

काम पुरं झालं हे कशावरून ओळखायचं, तेही वनजाक्षीनं कार्डावर मोठ्या हौसेनं लिहिलं: ‘शकलं चारी दिशांना उडावीत.’

पूजेच्या दिवशी सगळ्या यंत्रांना कुंकू लागलं, शेवंतीचे हार चढले, चुरमुऱ्यांचा प्रसाद वाटला गेला. फाटकाशी नंजेगौडानं कुंकू भरलेला कोहळा ओवाळून डोक्यावर उचलला आणि आपटला. आणि काय सांगावं! विळीवर चिरल्यासारखे त्याचे दोन नीटनेटके भाग झाले आणि जागच्या जागी डुलत राहिले.

तिप्पेस्वामीनं वाकून पाहिलं, फोटो काढला आणि मोबाइलवर कार्ड मागे पाठवलं. कारण लिहिलं: ‘तुकडे दोन. दिशा दोनच.’

"तिप्पेस्वामी," वनजाक्षी हात जोडून म्हणाली, "सरकव रे बाबा. तासाभरात बैठक आहे."

"अक्का, लिहिलंय कुणी? तुम्हीच. आज कोहळा सोडला तर उद्या केक सोडावे लागतील."

तिनं किल्लीवाल्या साहेबाला फोन लावला तर तोही त्याच्या पूजेत, फोन बंद. तेवढ्यात, तिकडेही दिसणाऱ्या त्या बोर्डावर, ब्रुन्सबाईंचा शेरा उमटला: "हा कोहळा कोण, आणि तो सगळ्यांना का अडवतोय?"

"मेलो!" शेषगिरी सर म्हणाले.

बाजारात माणूस पिटाळला. सगळ्या शहरानं त्या दिवशी कोहळे फोडलेले, औषधालासुद्धा उरला नव्हता. शेवटी शेजारच्या अर्धवट इमारतीवर नंजेगौडाची नजर गेली. तिथे मेस्त्री दृष्ट लागू नये म्हणून टांगायच्या कोऱ्या कोहळ्यावर डोळे आणि मिशा रंगवत बसला होता.

"मेस्त्री, द्या ना हा."

"आणि माझ्या इमारतीला दृष्ट लागली म्हणजे?"

नंजेगौडानं तिप्पेस्वामीकडे बोट दाखवलं. "ह्याचा फोटो टांगा. दृष्टच काय, मुंगीसुद्धा पास व्हायची नाही."

मेस्त्री इतका हसला की कुंचला हातातून पडला. कोहळा मिळाला, ओल्या मिशांसकट. पण आता नंजेगौडा हात लावीना. "पुन्हा दोन झाले तर मंड्यात तोंड कुठे दाखवू?"

"आण इकडे." वनजाक्षीनं पदर खोचला.

"अगं बाई, बायकांनी फोडायचा नसतो," शेषगिरी सर धावले.

"कार्डावर तसं लिहिलंय?"

तिप्पेस्वामीनं मोबाइलवरचं कार्ड वर-खाली करून पाहिलं. "नाही, सर."

वनजाक्षीनं कोहळ्याला भोक पाडून पूजेतलं उरलेलं कुंकू आत ओतलं आणि तो डोक्यावर उचलला. मागल्या खेपेचे केक, टोळीतल्या सगळ्यांचे चेहरे, सगळं त्यात भरलं आणि फाटकाच्या दगडावर असा हाणला की पलीकडच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. कुंकवाचा नुसता धुरळा! तिप्पेस्वामी गंभीरपणे दिशा तपासू लागला. पूर्वेला, रिक्षाच्या टपावर. पश्चिमेला, शेषगिरी सरांच्या शर्टावर. दक्षिणेला, नंजेगौडाच्या मिशीत बिया.

"उत्तरेला काही नाही, अक्का."

 वनजाक्षीचा चेहरा उतरला. एवढ्यात नंजेगौडा गडगडाट करून हसला. "उत्तरेला कोण उभं होतं रे, स्वामी? डोक्यावरून हात फिरव!"

तिप्पेस्वामीनं हात फिरवला. भलं थोरलं शकल हाताला लागलं. त्यानं ते नीट निरखलं, मापात आहे का पाहिलं आणि मोबाइलवर बोट टेकवलं. पास! मागोमाग आत कचेरीत टुणकन आवाज झाला. कुलूप उघडलं होतं.

बैठकीला पडद्यावर ब्रुन्सबाई आल्या आणि किंचाळल्याच. समोर सगळी लालेलाल माणसं! "कुणाला लागलंय का?"

"नाही, बाई," वनजाक्षी म्हणाली. "कोहळा झाला."

बाईंनी कार्ड वाचलं, मागे आल्याचं कारण वाचलं, दोन तुकड्यांचा फोटो पाहिला. मग एका बेकरीतून मागणी टाकून पाहिली: एक पाव. पलीकडे एकच पाव उमटला. त्यांनी पुन्हा टाकली. पुन्हा एकच.

"तुकडे दोनच झाले म्हणून तुम्ही कार्ड मागे पाठवलंत," बाई सावकाश म्हणाल्या, "मी इकडे वाट बघत असतानाही. काम तुमच्याकडेच राहील."

वनजाक्षीला काहीतरी भारदस्त बोलायचं होतं. पण तेवढ्यात तिच्या केसांतून कोहळ्याची एक बी निसटली, कपाळावरून नाकाच्या शेंड्यावर आली आणि तिथेच बसली. नंजेगौडानं आधी तोंड दाबलं, मग शेषगिरी सरांनी, आणि मग तिप्पेस्वामीसुद्धा फुटला, ज्याला कचेरीत कुणी हसताना पाहिलं नव्हतं. पडद्यावरच्या बाई क्षणभर गोंधळल्या, आणि मग त्याही डोळे पुसत हसायला लागल्या.