प्रणालीचे चाळीस मीटर

प्रणालीच्या शर्यतीतले चाळीस मीटर मी चोरले होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं. काल तिच्या आईला सांगितलं. आज तुम्हा सगळ्यांना सांगतो.

आपल्या कारंजात आठशे मीटरला तिच्यासारखी पोरगी झाली नाही. कॉलेजात होती तोवर जिल्ह्याचं मेडल दुसऱ्या कोणाच्या गळ्यात गेलंच नाही.

मग हायवेवर एका ट्रकचं चाक तिच्या डाव्या पायावरून गेलं.
बोटांसकट अर्धा पंजा गेला.

दीड वर्षानं ती परत ग्राउंडवर आली. डाव्या बुटाच्या टोकात स्पंज कोंबलेला.

आई म्हणे, "पोळ्या लाटाले पंजा लागत नाई. ते शिक आता."
टपरीवरची पोरं म्हणत, "काऊन ताई, लंगडीची टीम काढून राह्यली का?"

ती बुटाची नाडी आवळून पळायला निघे. मला मात्र म्हणाली,
"काका, मले टाळ्या नाई पायजे. फक्त माह्या मागं एक तरी पोरगी पायजे."

शाळेत शिपाई होतो तेव्हापासून मैदानावर चुन्याचा ट्रॅक मीच आखतो. दोन टोकांना दोन खुंट्या, त्यांभोवती दोर फिरवून वळणं. कोणी शिकवलं नाही, चुकत चुकत शिकलो. आपल्या ग्राउंडचा राउंड दोनशे मीटरचा. चार राउंड म्हणजे आठशे.

पहिल्या दिवशी तिनं चार राउंड मारले. मी घड्याळ दाखवलं.
ती मातीत बसली आणि लहान लेकरासारखी रडली.

मला ते पाहवलं नाही.

पुढच्या रविवारी नवा चुना मारताना मी एका टोकाची खुंटी अर्धं पाऊल आत घेतली.
टाइम सुधारला. पोरगी हसली.

त्याच्या पुढच्या रविवारी आणखी अर्धं पाऊल.

तीन महिन्यांत खुंटी पाच मीटर आत आली. म्हणजे दोन्ही सरळ बाजू पाच-पाच मीटरनं आखूड, राउंडमागे दहा मीटर कमी. चार राउंडात चाळीस.
डोळ्यांना कोणालाच कळलं नाही. चुना मारणाऱ्यावर कोण शंका घेतो?

एक दिवस ती पळतच आली.
"काका! पह्यले चार राउंडात डावा पाय तीनशे वीस वेळा टेकत होता. आता तीनशे चार! पाऊल लांबलं माह्यं!"

ती पावलं मोजत होती, हे मला तेव्हा कळलं.

"तू मोजतं काऊन?" मी विचारलं.
"जोरात पळलं का जखमेची कातडी फाटते, काका. चाळीस वेळा टेकेपर्यंतच सहन होते. म्हून दोनशे चौसष्टपर्यंत दम धरीन. मंग सोडीन गाडी."

तिथंच सांगायचं होतं.

मी म्हणालो, "लांबलंच असन पाऊल. मेहनत हाये तुही."

तिनं वर्ध्याच्या स्पर्धेचा फॉर्म भरला. खुल्या गटात. दोन्ही पाय धड असलेल्या पोरींसोबत.

वर्ध्याचा ट्रॅक पूर्ण मापाचा होता.

सात पोरी. प्रणाली पाचवी चालली होती. शेवटच्या वळणावर तिनं एकदम जोर लावला. चौथी झाली. तिसरीच्या खांद्याला लागली. लोक उभे राहिले.

मी उभा राहिलो नाही. मला माहीत होतं, ती फार लवकर सुटली.

चाळीस वेळा पाय टेकून झाला. समोर फिनिश लाइन नव्हती.
ती अजून चाळीस मीटर पुढे होती.

तिनं एकदा खाली पायाकडे पाहिलं आणि पडली.

सगळ्या पुढे गेल्या. मागे एकही राहिली नाही.

ती हातांवर, गुडघ्यांवर लाइनपर्यंत आली. माइकवाला ओरडत होता, "एका पायाच्या या जिद्दीसाठी जोरदार टाळ्या!"
तिला दोन पाय होते.

शाल आणली. फोटोवाला म्हणाला, "ताई, बूट काढा ना. पाय दिसला पायजे."
तिनं काढला. पायमोजा रक्तानं ओला होता. फोटो छान आला म्हणे. तुमच्यापैकी कितीतरी लोकांनी शेअर केला होता.

येताना एसटीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तळेगाव गेल्यावर बोलली.

"काका, मी मोजण्यात चुकली का?"

मी म्हणालो, "चुकली असशील बेटा. घाईत होते असं."

ती पुन्हा ग्राउंडवर आली नाही. हायवेवरच्या ढाब्यात पोळ्या लाटायला लागली. आईचंच खरं झालं.

आठ महिन्यांनी कावीळ झाली. दवाखान्यात भेटायला गेलो तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे. आज सांगायचंच असं घरून ठरवून निघालो होतो.

तीच आधी बोलली.
"काका, खाटेपासून दारापर्यंत मी रोज मोजते. रोज तेवढेच येते. एकानंही चुकत नाई. मंग त्या दिवशीच काऊन चुकली?"

मी म्हणालो, "बोलू नको. झोप जराशीक."

तिसऱ्या दिवशी गेली.

काल तिच्या आईसमोर सगळं ओकलो. आई तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही.
"हे तिले सांगाचं होतं, भाऊ. मले काऊन सांगता?"

खाली कोणी 'काका तुमचं मन मोठं' असं लिहू नका. त्या मनापायीच ती वर्ध्यात पडली.

आज सकाळी ग्राउंडवर गेलो. टेप लावून खुंटी जुन्या जागी ठोकली. पूर्ण दोनशेचा चुना मारला. ट्रॅकवर कोणी नव्हतं.

प्रणाली बेटा, तू बरोबर मोजलं होतं.
एकानंही चुकली नव्हती.

जाय आता. पाय दुखत असन तर हळू जाजो.