स्क्रिप्टने खाल्लेला वेळ

साखर कारखान्यात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून मी काही हंगाम काढले. वजनकाट्यावरच्या पावत्यांसाठी मी एक स्क्रिप्ट लिहिली होती. रोज सकाळी ती एकामागून एक प्रोग्राम सुरू करायची: आधी वजनं तपासणारा, मग गावनिहाय बेरजा करणारा, शेवटी शेतकऱ्यांना मेसेज पाठवणारा. एखादा मधेच कोलमडला तर त्याला पुन्हा उभा करायची.

त्या वर्षी कॉम्प्युटर दुपारपर्यंत अडकून बसू लागला. बेरजांचा प्रोग्राम संचालकांच्या नात्यातल्या एका पाहुण्याने नवा बसवून दिला होता, पण खापर फुटलं माझ्यावर. "तुमच्या स्क्रिप्टनं मशीन खाल्लंय," शेतकी अधिकारी म्हणाले. पुढच्या हंगामाला कुणाला ठेवायचं ते हेच ठरवणार होते, आणि मला ती नोकरी हवी होती.

मग मी पुरावाच काढला. स्क्रिप्टमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्राम प्रोसेसरला किती वेळ राबवतो ते वेगवेगळं मोजलं. घड्याळातला वेळ नव्हे, प्रत्यक्ष राबण्याचा. जवळजवळ सगळा वेळ पाहुण्याच्या प्रोग्रामने खाल्ला होता. स्क्रिप्टचा स्वतःचा वेळ शून्याला टेकलेला. कारण वाट पाहणं, लक्ष ठेवणं हे प्रोसेसरच्या खाती पडतच नाही. मी हरखले आणि कागद घेऊन अधिकारी साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

साहेबांचा अख्खा जन्म ऊसतोडीच्या टोळ्यांतले कोयते मोजण्यात गेलेला. कागद बघून म्हणाले, "म्हंजे सगळं काम ह्योच करतो की! मग तुमची स्क्रिप्ट टोळीत कशाला हाय?"

माझी जीभ काही गप्प बसेना. "साहेब, मुकादम तरी कुठं ऊस तोडतो? पण तो नसला तर टोळी उभी राहील का?"

केबिनमधले सगळे हसले. साहेब हसले नाहीत. पुढच्या हंगामाला मला बोलावणं आलं नाही. स्क्रिप्ट मात्र अजून रोज सकाळी चालते, असं काट्यावरचा माणूस सांगतो. ते ऐकलं की आजही अंगाचा तिळपापड होतो.

शिरूर कासारला घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. तिची उमर ऊसतोडीत गेली. आमच्याकडे नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात, आणि तो नवऱ्याचा म्हणूनच ओळखला जातो. बाप तोडायचा. आई मोळ्या बांधायची, डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची, कोपीवर, पाचटाच्या झोपडीत, येऊन भाकरी थापायची. आणि टोळीत बोललं जायचं की बापाचा कोयता लई चांगला.

आई पायाचं बोट चोळत होती. "माझं काम कुणी मोजलंच न्हाई," ती म्हणाली. "तुझं बी न्हाई मोजलं का गं?"

"मोजलं की," मी म्हणाले. "मीच मोजून दिलं. शून्य भरलं."