सलालाहचे पाणमांजर आणि सामंत डॉक्टर

सामंत डॉक्टरांच्या पंच्याहत्तरीच्या गौरव अंकासाठी लिहा, असा निरोप आल्यापासून मी गोंधळलो आहे. बाकीची मंडळी त्यांच्या विद्वत्तेवर लिहितील. मी त्यांचा कंपाउंडर, आणि मला सर्वांत जास्त आठवतो तो दिवस डॉक्टरसाहेबांना काहीच कळत नव्हते असा आहे.

नव्वदच्या दशकात मी राजापूरहून ओमानातल्या सलालाहला उतरलो. विमानतळावर न्यायला डॉक्टरसाहेब स्वतः आले होते. गुरांच्या दवाखान्यात काम काय करायचे हे मला ठाऊक नव्हते, तसे मी सांगितले. ते म्हणाले, "छान! 'ठाऊक नाही' म्हणता येतं ना? मग निम्मं काम येतं."

दवाखाना चालत होता एका बड्या अर्बाबांच्या, म्हणजे तिथल्या धनिक मालकांच्या, उंटांवर. त्यांना प्राणी पाळायचा शौक. माझ्या सहाव्या महिन्यात त्यांनी थंड देशातून एक समुद्री पाणमांजर आणवले आणि बागेत गार पाण्याचा हौद बांधला. आठवड्यात निरोप आला, जनावर आजारी आहे.

आम्ही पाहतो तर ते पाण्यात उताणे पडलेले. डॉक्टरसाहेब म्हणाले, पोट फुगले असावे. मग ते जनावर खायला लागले आणि थांबेचना; जंत असावेत. मधल्या वेळात अंग चोळणे, ओरबाडणे, पुन्हा चोळणे. शेळ्या-उंटांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मुश्ताक, मला काही समजत नाहीये रे."

आमच्या खाडीत पाणमांजरे आहेत, म्हणून मी स्वतःला मोठा जाणकार समजत होतो. मी ठोकून दिले, "सर, ही खरूज. आमच्याकडे बकरीला झाली की आई गंधक नि खोबरेल चोळते." सलालाहमध्ये नारळाला काय तोटा! डॉक्टरसाहेब बराच वेळ घुटमळले आणि शेवटी हो म्हणाले. दोघा नोकरांनी त्याला जाळ्यात धरले, आम्ही पाठीवर तेल चोळून परत हौदात सोडले.

थोड्या वेळाने ते जनावर कुडकुडू लागले. डॉक्टरसाहेबांनी त्याला बाहेर घेऊन बोटांनी केस फाकवून पाहिले. तेल नव्हते तिथे आतले केस हौदात राहूनही कापसासारखे कोरडे, आणि तेल होते तिथे कातडीपर्यंत ओलेचिंब. त्यांचा चेहरा पडला. "याच्या अंगात चरबी नाही, म्हणून तर सारखं खातं. केसांत धरलेली हवा हेच याचं पांघरूण, आणि ते आपण काढून घेतलं. खाज नव्हती रे, ते केस साफ ठेवत होतं. मरेल हे."

मग भांड्यांचा साबण आणि बादल्याच बादल्या पाणी. दुपारपासून सूर्यास्ताच्या, मगरिबच्या बांगेपर्यंत डॉक्टरसाहेब गुडघ्यांवर बसून ती पाठ धूत होते. हातांना चावे बसले, तरी उठले नाहीत. शेवटी ते जनावर पाण्यात उतरले, स्वतःच केस चोळू लागले, फुंकर घालून त्यांत हवा भरू लागले. मग उताणे झाले, काखेतल्या कातडीच्या पिशवीतून दगड काढून पोटावर ठेवला आणि त्यावर शिंपला आपटू लागले. मला रडू आले.

तेवढ्यात अर्बाब आले. "तेल कौन डाला?"

नवा व्हिसा, घरी दोन बहिणी लग्नाच्या. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

"मैं डाला, अर्बाब," डॉक्टरसाहेब म्हणाले. "मेरा गलती."

"खलास," अर्बाब म्हणाले. त्या दिवसापासून त्यांचे उंट आमच्याकडे आले नाहीत. पुढची दोन वर्षे डॉक्टरसाहेब जुन्या गाडीतून डोंगरातल्या शेळ्या तपासत हिंडले, पण माझा पगार एकदाही थकला नाही. गाडीत एकदा मी माफी मागायला लागलो, तर म्हणाले, "सुचवायला कुणाची परवानगी लागत नाही, तेल लावायला लागते. ती मी दिली."

हा अंक निघेल तेव्हा त्यांच्याभोवती सगळा परिवार जमलेला असेल. सलालाहच्या 'त्या चुकी'वरून त्यांची चेष्टा करणारेही तिथे असतील, आणि डॉक्टरसाहेब नेहमीप्रमाणे नुसते हसतील. डॉक्टरसाहेब, अल्लाह तुम्हाला खूप आयुष्य देवो, गुडघे शाबूत ठेवो. पण या अंकात एवढे छापून येऊ द्या: तेल मी सुचवले होते, आणि विचारले तेव्हा मी गप्प उभा राहिलो.