अर्थिंगबाईंचा जाच

अर्थिंगबाईंनी कधी कुणाचा हात प्रेमानं धरला असेल की नाही, देव जाणे. आमचा मात्र रोज धरायच्या, तो मनगटावरचा पट्टा ओढून बघायला. कागलच्या एमआयडीसीत इलेक्ट्रिक स्कूटरचे कंट्रोलर बोर्ड बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात त्या लाइन इनचार्ज होत्या. बोर्ड जोडायला आम्ही साऱ्या बायका. पट्ट्याची वायर अर्थिंगला जोडलेली असायची, म्हणजे अंगात साठलेली वीज पार्टमध्ये न शिरता जमिनीत जाते. आम्ही तो हिरव्या बांगड्यांवरून बांधायचो. बाई भडकायच्या. "पट्टा काय दागिना हाय व्हय? कातडीला लागाय पायजे, कातडीला!" मग बांगड्या कोपराकडे सारून असा आवळायच्या, की घरी गेलं तरी वळ दिसायचा.

हा सगळा जाच एका पार्टपायी. फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर. लाइनवर नुसता 'फेट'. तीन पायांचा काळा तुकडा. एका पायातून करंट आत येतो, दुसऱ्यातून बाहेर जातो आणि तो सोडायचा की अडवायचा हे तिसरा पाय ठरवतो. त्याचं नाव गेट. नव्या बाईला शिकवताना त्या म्हणायच्या, "गेट म्हंजे सासू. सोप्यात नुसती बसती, हात म्हणून हलवत न्हाय, पण तिच्या दाबानं सैपाकघर चालतंय. गेटला करंट लागत न्हाय, नुसता दाब लागतोय." आम्ही हसायचो, पण डोक्यात पक्कं बसायचं. मग त्या पुढचं सांगायच्या. गेटखाली काचेसारखा एक थर असतो, कांद्याच्या पापुद्र्याहून कितीतरी पातळ. आपल्या अंगातली, आपल्याला कळतही नाही एवढी वीज तो फोडून टाकते.

म्हणून फेट काळ्या स्पंजातून काढायचा तो पोटाला धरून. पायांना बोट लागलं की बाईंचा आवाज कँटीनपर्यंत जायचा. प्लॅस्टिक घासलं की वीज धरतं, म्हणून टेबलावर प्लॅस्टिकची पिशवी दिसली की आतल्या गजऱ्यासकट बाहेर. पावसाळ्यात त्या जरा सैल असायच्या, कारण हवेत ओल असली की अंगात वीज फारशी साठत नाही. थंडीत मात्र जीव नकोसा करायच्या. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा भारी वैताग यायचा.

संक्रांतीच्या आधी एकीनं धीर करून विचारलं, "बाई, सणाला बी काळी साडी नेसायची न्हाय व्हय?"

"नेस की! घरात नेस. ते जॉर्जेट-बिर्जेट माझ्या लाइनवर न्हाय."

पण मोठ्या साहेबांनी लाइनवरच हळदीकुंकू ठरवलं. त्यांना फोटो हवे होते. पट्टे फोटोत बरे दिसत नाहीत म्हणून तेही काढायला लावले. कोरड्या हवेत काळ्या साड्या चटचट करत पायाला चिकटत होत्या आणि तिळगूळ वाटून बायका त्याच हातांनी फेट उचलत होत्या. बाई कोपऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. संध्याकाळी त्या साहेबांना म्हणाल्या, आजचा माल भंगारात टाका.

"सगळे बोर्ड टेस्टला पास झालेत, बाई."

"पासच हुणार, साहेब. अर्धं फुटलेलं गेट आज चालतंय, आन् उद्या गगनबावड्याच्या घाटात चालत्या गाडीत मरतंय. तितं त्या माणसाला कोण हाय?"

साहेबांनी माल गिऱ्हाइकाकडे पाठवला आणि बाईंना पॅकिंगला. बाईंनी राजीनामा दिला. साधा चहासुद्धा कुणी पाजला नाही. उलट लाइनवर 'सुटलो बाई एकदाचं' असंच सगळ्यांचं झालं, ते मला जास्त लागलं.

उन्हाळ्यात बोर्ड परत येऊ लागले. कुठली गाडी बाजारात बंद पडली, कुठली चढावर. साहेबांनी मीटिंगमध्ये सांगून टाकलं, पार्टच हलका आला होता. बाईंचं नावही कुणी काढलं नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सुट्टी झाल्यावर गेटबाहेर येऊन मी बाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, "तुमचंच खरं झालं, बाई."

"खरं हून काय चाटायचंय? गाड्या बंद पडल्या न्हवं?"

त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "मी अजून तुम्ही शिकवलं तसंच करते बघा."

"आन् शेजारची?"

"ती न्हाय करत."

"मग तुज्याकडनं बोर्ड जातोय कुटं? तिच्याच हातात न्हवं?" बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला.