मुलुंडची थंडी आणि एक डेलिया

मुलुंडची हवा मुंबईची नव्हे, हे माझ्या वडिलांच्या लेखी अंतिम सत्य होतं. डोंगर जवळ, म्हणून थंडी वेगळी. देवावर त्यांचा एवढा विश्वास नव्हता.

त्याच भरवशावर ऐंशीच्या दशकात एका वर्षी त्यांनी महाबळेश्वरहून झाडडेलियाचा कंद आणला. थंड हवेतलं झाड, दोन पुरुष उंच, फुलं वर्षाच्या अखेरीस. लावलं ते तळमजल्यावरच्या काकांच्या खिडकीपुढे. दिवाळीपर्यंत शेंडा आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकला, काकांना भर दुपारी दिवा लावावा लागला, आणि फुलाचा पत्ता नाही. सोसायटीच्या कमिटीने निकाल दिला: रविवारपर्यंत फूल दाखवा, नाहीतर कोयता.

बुधवारी एक कळी अर्धी उमलली. गुरुवारी सकाळी ती जागेवर नव्हती.

काका रोज पहाटे आकडी घेऊन लोकांच्या झाडांवरची फुलं पूजेसाठी ओढत. वडील थेट त्यांच्या दारात.

"पिशवी दाखवा."

"बघा ना. तगर, जास्वंद. जास्वंद तुमच्याच कुंडीतली."

"आणि डेलिया?"

"अहो, मला झाडच नकोय, फूल कशाला पाहिजे?"

"म्हणूनच! पुरावा नष्ट केलात."

मी गॅलरीतून देठ पाहिला होता. कात्रीने सरळ कापलेला. आकडीला कात्री नसते, असं मी म्हणालो. "तू त्यांच्या बाजूचा का रे?" एवढं विचारून वडील ऑफिसला गेले.

गुरुवार मार्गशीर्षातला होता. संध्याकाळी आईकडे हळदीकुंकवाला तळमजल्यावरच्या काकू आल्या, कलशापुढे वाकल्या आणि तशाच जिन्यात जाऊन ओरडल्या, "अहो, वर या! तुमच्यावर आळ आलेलं फूल इथे लक्ष्मीला वाहिलंय!"

वडील नुकतेच घरी आले होते. देवघराकडे ते बघत नसत, आज बघितलं.

"विचारायचं तरी!"

"हाताशी आलं होतं, कापलं," आई म्हणाली. "देवाचं फूल कुणी विचारून तोडतं का?"

"बरोबर बोललात, वहिनी," दारातून काका म्हणाले.

कोयता रद्द झाला. लक्ष्मीला ज्याचं फूल वाहिलं ते झाड तोडा म्हणायची कमिटीत कुणाची छाती नव्हती.

"बघितलंत?" वडील काकांना म्हणाले. "ही मुलुंडची थंडी."

काका बनियनवर आले होते. पाकळ्या फार हलत होत्या, म्हणून आईने पंखा पाचावरून दोनवर आणला.