वाकळेचं पोट

गुणाबाईच्या हाताला अपशकुनी म्हणणाऱ्या सगळ्यांची नावं मला पाठ आहेत. लिहीत नाही, कारण त्यांची नातवंडं आमच्याच गल्लीत राहतात आणि त्यांचा काही दोष नाही. पण माझा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी माझी इच्छाही नाही.

निपाणीत तिची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये एकच भिंत. माझी आई अक्काताई आणि गुणाबाई, दोघी तंबाखूच्या वखारीत चाळणीवर कामाला. यातलं बरंचसं मी आईच्या तोंडून ऐकलं, शेवटचं तेवढं स्वतः पाहिलं.

लग्न होऊन आली तेव्हा गुणाबाईची रांगोळी बघायला वरच्या गल्लीतल्या बायका वाट वाकडी करून यायच्या. ती ठिपके मोजायची नाही आणि काल काढलेली नक्षी आज काढायची नाही. मग नवरा तापानं गेला. दिवसकार्य झालं तसा जावेनं रांगोळीचा डबा उचलून वरच्या फळीवर ठेवला आणि म्हणाली, "आता ह्ये तुजं न्हाय." माणूस मेला तापानं आणि शिक्षा झाली हाताला! सव्वीस वर्षांची होती ती.

पुढची नऊ वर्षं तिनं नुसती चाळण हलवली. सकाळी नाकातोंडाला पदर बांधून वखारीत शिरायचं, संध्याकाळी तंबाखूच्या धुळीनं, त्या खकाण्यानं खोकत बाहेर पडायचं. अंगावरच्या लुगड्याचा रंग विचारला तरी तिला खाली बघून सांगावा लागायचा, असं आई म्हणायची.

कोपऱ्यावरचा ज्योतिबा शिंपी कापडाचे तुकडे पोत्यात भरून ठेवायचा. एका थंडीत गुणाबाईनं त्यातलं एक पोतं मागून आणलं. अंगावर घ्यायला वाकळ हवी होती, एवढंच. वखारीतून आल्यावर, दिवा लावायच्या आधी, रोज एक चिंधी जोडायची असा तिनं नेम केला. खोकला असो की ताप असो, रोज एक. पहिला महिनाभर नुसती ठिगळं बसली, लालाशेजारी लाल, टाके वेडेवाकडे. मग एका संध्याकाळी तिनं काळ्या खणाशेजारी हळदी तुकडा लावला, लांब धरून बघितला, उसवला आणि दोन बोटं सरकवून पुन्हा लावला. आई दारात तांदूळ निवडत बसली होती.

"त्या दिशी हात जागा झाला बघ," आई सांगायची. "चुकलंय ह्ये तिला दिसाय लागलं."

थंडी संपली, नेम संपला नाही. वखारीतून परतताना ती आता बैलांच्या झुली, तुळशीकट्ट्यावरचे रंग न्याहाळत यायची आणि आईला खोळंबवून ठेवायची. चिंध्यांच्या कडेनं टाक्यांची कमळं उठायला लागली. जमिनीवरची रांगोळी हिसकावून घेतली होती, ती कापडावर आली.

आमच्याकडे वाकळ कडेनं शिवत शिवत मध्यावर आणतात. मधली शेवटची चिंधी म्हणजे वाकळेचं पोट. ते बांधण्याआधी आत भाकरीचा तुकडा ठेवायचा, म्हणजे वाकळ उपाशी राहत नाही. आणि पोट जिनं बांधलं, तिनं वाकळ शिवली असं धरतात.

दीड वर्षानं गुणाबाई पोटापाशी आली, तेव्हा या वाकळेची गोष्ट वखारीच्या मालकीणबाईंच्या कानावर गेली. त्यांच्या लेकीला दिवस गेले होते. त्यांनी येणाऱ्या बाळासाठी वाकळ मागवून घेतली, हात फिरवला, तोंड भरून कौतुक केलं. मग म्हणाल्या, "पोट तेवढं आमची सून शालूबाई बांधेल. लेकुरवाळी सवाष्ण आहे. भाकरीही आमच्या घरची घालू. तू वाईट वाटून घेऊ नकोस, रीतच आहे."

गुणाबाईनं मान डोलावली. वखारीतली चाळण त्यांच्याच हातात होती ना!

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंच्या माजघरात बायका जमल्या. आईही गेली होती. शालूबाईला सुईत दोरा ओवता येईना. कुणीतरी ओवून दिला. मग तिनं चिंधी उलटी लावली, शिवण वर आणि रंग आत.

"असू दे," मालकीणबाई म्हणाल्या. "हात कुणाचा ते महत्त्वाचं."

गुणाबाईनं पुढं होऊन वाकळ ओढून घेतली आणि शालूबाईचे टाके फराफरा उसवले.

"दीड वरीस ह्यो हात चालला, तवा चाललं व्हय तुमास्नी? आन् मधल्या चार बोटांतच अपशकुन शिरला?"

वाकळ खांद्यावर टाकून ती चालती झाली. सकाळी मुकादमानं तिला वखारीच्या दारातूनच परत पाठवलं.

आई तेव्हा सात महिन्यांची गरोदर होती. माझ्याआधीची दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेलेली. त्या संध्याकाळी ती गुणाबाईकडे गेली. म्हणाली, "गुणाक्का, पोट बांधा आनि ही वाकळ माझ्या बाळाला द्या."

आणि भर माजघरात गरजलेली ही बाई मागं सरकली. "नगं गं अक्काताई. दोन गेली तुझी. माझा हात..."

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो इथं. लोकांनी तिचा डबा काढून घेतला, काम काढून घेतलं, ते एक वेळ सोडा. पण त्यांनी आपलं म्हणणं तिच्या स्वतःच्या हाडात मुरवलं होतं, त्याला काय म्हणायचं?

आईनं ओच्यातून भाकरीचा तुकडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. "माझी दोन गेली तवा तुमची वाकळ कुटं हुती? गेलीच न्हवं?"

पहिला टाका वाकडा पडला, आई सांगायची. पुढचे सरळ पडले.

मी जगले. पुढं गुणाबाई घरी विड्या वळायची आणि दिवा लावायच्या आधी एक चिंधी जोडायची. माझ्या अकराव्या वर्षी ती गेली, त्याच्या आदल्या संध्याकाळचीही चिंधी लावलेली होती. पिवळी होती, मीच ओवून दिला होता दोरा. तिला खांदा द्यायला आलेल्यांत एकजण माझ्या डोक्यावर हात ठेवून आईला म्हणाला, "देवाची किरपा अक्काताई, तसली वाकळ घालून बी पोरगी वाचली." त्या माणसाला मी काही बोलले नाही. अकरा वर्षांची होते, बोलायला हवं होतं.

वाकळ अजून माझ्याकडे आहे. कडा विरल्या, त्या मी तीनदा नव्यानं बांधल्या. पोटाला मात्र अजून सुई लावावी लागलेली नाही.