ईराच्या खोलीची दक्षिणेकडची भिंत

या पानावरचे अनुभव मी गेली चार वर्षं वाचतेय आणि खरं सांगू का... बहुतेक वेळा नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवून हसण्यासाठीच वाचते. राग नसावा. मी एका मेडिकल लॅबमध्ये काम करते. दिवसभर काचेच्या बशांमध्ये जिवाणू आणि बुरश्या वाढवायच्या, ओळखायच्या, नाव लिहायचं, पुढची बशी. जे वाढत नाही आणि दिसत नाही ते नसतं, एवढं माझं साधं तत्त्वज्ञान. सावल्या, पावलं, कोणीतरी मागे उभं आहे असं वाटणं... झोप पुरी करा, बरं वाटेल, असं मी स्वतः इथे कमेंटमध्ये लिहिलंय एक-दोनदा. तेव्हा आज मला कोणी तेच लिहिलं तर मी काही म्हणणार नाही.

आम्ही न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनजवळ राहतो. रोटोटुना हे उपनगर संपलं की घरं विरळ होतात आणि गाईंची कुरणं सुरू होतात, तिथे. मी, माझा नवरा निनाद आणि मुलगी ईरा, वय सात. घर फॅक्टरीत बांधलेलं आहे — म्हणजे दोन अर्ध्या भागांत ट्रकवरून येतं, लाकडी खुंटांवर ठेवतात आणि मधोमध जोडतात. पुण्यात सांगितलं तर माझा भाऊ म्हणाला, "घर आहे का फ्रिज आहे?" हसा. आम्हीही हसलो होतो. आमच्या आधी ते दुसरीकडे कुठेतरी उभं होतं. कुठे, कोणाचं, ते विकणाऱ्या कंपनीलाही धड सांगता आलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात ईराच्या खोलीत दक्षिणेच्या भिंतीवर काळे ठिपके आले. इथे दक्षिणेला ऊन फिरकत नाही, त्यामुळे थोडा मोल्ड सगळ्यांकडेच येतो, लोक पुसतात आणि विसरतात. आम्हीही पुसला. आठ दिवसांत परत! व्हिनेगरने पुसला, ब्लीचने पुसला, रंग खरवडून बुरशी धरू नये म्हणून खास मिळतो तो रंग लावला. हवेतली ओल ओढणारा डीह्युमिडिफायर चोवीस तास घरघरतोय, त्याची भरलेली टाकी मी रोज सकाळी ओतून येतेय आणि भिंत आपली ढिम्म. गादी उलटी केली तर खाली हिरवट थर, कपाटात शाळेच्या बुटांवर पांढरी लव. लॅबमध्ये नमुना नेऊन नाव शोधलं. नाव कळून काय उपयोग? नावाने हाक मारली म्हणून ती जात नाही.

ईरा नाक मुरडून म्हणायची, "आई, माय रूम स्मेल्स लाइक मशरूम्स." आणि मग खोकायची. तिला दमा आहे. दुसरी खोली होती ती आम्ही पुढच्या मार्चमध्ये सासूबाईंना दिली, त्या चिंचवडहून सहा महिन्यांसाठी आल्या तेव्हा.

सासूबाईंचं शॉवरशी पहिल्या दिवसापासून जमलं नाही. "शिंतोडे उडाल्यासारखं वाटतं गं, अंघोळ झाली असं वाटतच नाही." म्हणून बादली आणि तांब्या. बरं, इथल्या बाथरूमला मोरी नसते, जमिनीला उतार नसतो, पाणी जायला जाळी नसते. खाली लाकडाच्या भुश्याचा दाबलेला बोर्ड, वर पातळ व्हिनाइल. तीन वेळा समजावलं. पालथ्या घड्यावर पाणी! पाडव्याच्या आदल्या दिवशी मी कामावरून आले तर त्यांनी अख्खं बाथरूम बादल्या ओतून, झाडूने घासून धुतलेलं. पाणी पार पॅसेजपर्यंत. "लख्ख झालं बघ," म्हणाल्या, इतक्या आनंदाने की मी गप्पच बसले. तेव्हा गप्प बसले. नंतर सगळं एकदम बोलले.

मे महिन्यात घर विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला तपासणीला. ओल मोजायचं यंत्र त्याने ईराच्या भिंतीला छातीच्या उंचीवर दोनदा टेकवलं, "ड्राय" म्हणाला, मग बाथरूममध्ये गेला. तिथे बादली. "हे काय?" आणि मी काय केलं असेल? मीच, माझ्या तोंडाने, कौतुकाने सांगितलं की आमच्याकडे अशी अंघोळ करतात, अशी फरशी धुतात! त्याने सगळं लिहून घेतलं. रिपोर्ट आला — ओल राहणाऱ्यांच्या चुकीने, घरात दोष नाही, खिडक्या उघड्या ठेवा. खिडक्या! इथल्या मे-जूनच्या ऐन थंडीत, दम्याच्या पोरीच्या खोलीत! फोन केला की पलीकडून, "हीप्स ऑफ फ्रेश एअर, यू'ल बी स्वीट ॲज." म्हणजे भरपूर हवा येऊ द्या, सगळं झकास होईल. सात-आठ फोन केले आणि हात टेकले.

मग राग जाणार कुठे... घरातल्या घरातच. सासूबाईंनी तांब्या उचलला की माझं कपाळ दुखायचं.

आता मूळ गोष्ट. जूनमध्ये एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता सासूबाई म्हणाल्या, "अगं, ते दुपारी येतात ना, ते गृहस्थ कोण?"

"कोण गृहस्थ?"

"म्हातारे आहेत. गोरे. बूट बाहेर काढतात, मोज्यांवर येतात, म्हणून मला बरे वाटले. ईराच्या खोलीत जातात, भिंतीवर टकटक करतात, कान लावून ऐकतात आणि जातात. चहा ठेवला होता मी एकदा. घेतला नाही. दुधाचा चालत नसेल."

माझ्या हातातली मेथी खाली पडली. "आई, तुम्ही अनोळखी माणसाला घरात घेतलंत? दार कोणी उघडलं?"

"दार मी कुठे उघडलं? आतच असतात."

निनादने दारावरच्या कॅमेऱ्याचं दोन आठवड्यांचं रेकॉर्डिंग पाहिलं. कुरियरवाला, शेजाऱ्यांचं मांजर, मी, ईरा. बास. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दिवसभर एकट्या असतात, भाषा येत नाही, वय एकोणऐंशी... निनाद हळू आवाजात म्हणाला, "मेमरीची टेस्ट करून घेऊया का?" स्वयंपाकघर आणि त्यांची खोली यांच्यामध्ये भिंत म्हणजे नुसता पुठ्ठा. त्यांनी ऐकलं असणार, कारण त्या गृहस्थांचा विषय त्यांनी आमच्यासमोर पुन्हा काढला नाही.

जुलैमध्ये शाळेतून फोन आला. ईरा मैदानात बसून राहिली होती, ओठ निळसर. चार दिवस हॉस्पिटल, नाकावर मास्क, छातीचा भाता वर-खाली. डॉक्टरीणबाईंनी मोल्डचे फोटो पाहिले आणि स्पष्ट सांगितलं — हे निस्तरेपर्यंत त्या घरात तिला नेऊ नका. माझी मैत्रीण प्राजक्ता रोटोटुनातच राहते. तिच्याकडे ईराची बॅग ठेवून आले आणि गाडीत बसून हमसून हमसून रडले. स्वतःचं घर असून पोर दुसऱ्यांकडे. घरी पोचले तर बाथरूममधून पाण्याचा आवाज. माझं डोकंच फिरलं. सासूबाई बाहेर येताच मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. "तुमच्या बादलीपायी माझी मुलगी मरायला टेकली," हे मात्र बोलले. त्या ओल्या केसांनी उभ्या होत्या. एवढंच म्हणाल्या, "एकदा ती भिंत बघून घे." ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात, परतीचं तिकीट पुढचं असताना, त्या निघून गेल्या.

बाथरूमची जमीन आम्ही उखडली. बोर्ड थोडासा फुगला होता, तो बदलला, पंख्याने महिनाभर वाळवलं. आणि ईराच्या खोलीतला मोल्ड? वाढला! आता खिडकीखाली सगळं काळं. प्राजक्ताकडे रोज संध्याकाळी जायचं, लेकीला जेवू घालायचं, "कॅन आय कम होम नाऊ?" ऐकायचं आणि "नेक्स्ट वीक" म्हणायचं. किती नेक्स्ट वीक!

सप्टेंबरचा एक शनिवार, सकाळचे साडेदहा-अकरा. नऊ-दहा दिवस पाऊस नव्हता, लख्ख ऊन. निनाद ईराच्या खोलीतलं कार्पेट गुंडाळून डम्पला टाकायला गेला होता. मी मास्क-ग्लोव्ह्ज घालून पॅसेज पुसून घेतला आणि हॉलमध्ये पाणी बदलत होते. दाराबाहेरच्या लाकडी डेकवर कोणीतरी बूट काढल्याचा आवाज आला. एक, मग थांबून दुसरा. मग मोज्यांवरची पावलं पॅसेजमधून ईराच्या खोलीकडे. मला वाटलं निनाद. मी ओरडले, "अरे, आत्ता पुसलंय! आणि ग्लोव्ह्ज घातल्याशिवाय हात लावू नकोस!"

खोलीतून टक, टक, टक. थोडं थांबून पुन्हा टक, टक, टक. घाई नाही, जोर नाही. कलिंगड घेताना वाजवून बघतात तसं.

मी गेले. कोणी नाही. खिडकी आतून बंद. डेकवर बूट नाहीत, निनादची गाडी नाही. पॅसेजची फरशी ओली होती आणि तिच्यावर फक्त माझ्या एकटीची पावलं. मी पाईप असेल, लाकूड तापलं असेल, असं पुटपुटत भिंतीजवळ गेले... आणि खाली वाकले. खिडकीच्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, बुरशीच्या काळ्या थरात बोटांच्या पेरांच्या खुणा होत्या. मूठ वळून दार वाजवल्यावर उमटतील तशा. चार-चारच्या ओळी, थर तेवढाच निघालेला. मी ग्लोव्ह काढून माझी मूठ शेजारी धरली. त्या खुणा माझ्या मुठीच्या दीडपट. निनादचे हात तर माझ्याएवढेच आहेत.

घाबरले का? नाही हो. मला भयंकर राग आला. वर्षभर ब्लीच, कंपनी, रिपोर्ट, भांडणं, आणि आता हे! मी हातोडी आणली आणि त्या खुणांवरच घातली. दोन घावांत बोर्ड आत गेला, ओल्या बिस्किटासारखा. थंडीसाठी भिंतीत भरलेली लोकर काळी ठिक्कर, पिळली असती तर बादली भरली असती. आणि आतल्या लाकडावरून, नऊ-दहा दिवस पाऊस नसताना, पाण्याची धार हळूहळू उतरत होती. फोटो? फोटो काढायचं सुचलं तेव्हा खुणांच्या जागी भोक होतं. एकमेव पुरावा, आणि तो मीच फोडला. शाब्बास!

सोमवारी आमचा स्वतःचा बिल्डर आला, रॉस. त्याने छतावर चढून पाहिलं. दोन अर्धी घरं जिथे जोडली होती तिथला पत्रा नीट बसवलेलाच नव्हता. पाणी सांध्यातून शिरत होतं, आडव्या तुळईवर साठत होतं आणि बरोबर त्या कोपऱ्यात उतरत होतं. वरची भिंत कोरडी, खालचा हात-दीड हात भिजलेला. बाथरूम घराच्या दुसऱ्या टोकाला. बादलीचा संबंध शून्य! रॉस म्हणाला, "बाहेरून काही कळत नाही. इथेच फोडायचं हे तुला कोणी सांगितलं?" मी म्हटलं, "सासूने."

त्याच दिवशी चिंचवडला फोन लावला. आधी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "असू दे, पोर आजारी होती." मग मी विचारलं, "आई, ते गृहस्थ भिंतीवर नेमकं कुठे वाजवायचे?"

"खिडकीच्या डावीकडे, खाली. वाकायला त्रास व्हायचा त्यांना. एक हात चौकटीला धरायचे."

"हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू 'कोण' ते विचारलंस गं. 'कुठे' ते नाही विचारलंस."

भिंत नवी झाली, छत नीट झालं, ईरा नोव्हेंबरमध्ये घरी आली. दम्याचा पंप कमी झालाय, शाळेत पळते, त्या खोलीत शांत झोपते. निनाद म्हणतो लाकूड आकसताना आवाज होतो, खुणा तुला वाटल्या. असेल. मग आईंना जूनमध्येच काय दिसलं, असं विचारलं की तो चहा ठेवायला उठतो. आधी त्या घरात कोण राहायचं, कोणी बांधलं, हे मी कंपनीला तीनदा विचारलं, उत्तर नाही. टकटक पुन्हा ऐकू आली नाही. माझ्याकडे या सगळ्याचं स्पष्टीकरण नाही आणि शोधायचंही मी सोडलंय. ईराचे हॉस्पिटलमधले ते चार दिवस मात्र टळले असते. ते का टळले नाहीत, हे मला चांगलं माहीत आहे.